कपिलधारची पऱ्हाटी आणि सोडियमची बॅटरी

मांजरसुंब्याहून कपिलधारकडे वळलं की बालाघाटाच्या उतारावरची शेतं लागतात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या येतात, तेव्हा बीड जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते. ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात आणि मागे राहिलेल्यांच्या हाती कापूस असतो. वेचण्या संपल्या की शेतात उरते पऱ्हाटी. ती चिमट्याने उपटायची, बांधावर टाकायची, लागेल तेवढी चुलीसाठी घरी आणायची आणि उरलेली पेटवून द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब एवढाच आहे. कापसाला भाव असतो, सरकीला असतो. पऱ्हाटीचा भाव कुणी विचारत नाही.

हा लेख त्या पऱ्हाटीबद्दल आहे. तिच्यातल्या कार्बनला चार्ज होणाऱ्या बॅटरीत काम मिळू शकतं का, मिळालं तर कोणतं, आणि त्या कामात बीडच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल, एवढं मला इथं पाहायचं आहे.

वाळलेली पऱ्हाटी मोडून पाहिली तर तिची रचना नुसत्या डोळ्यांना दिसते. वरची तपकिरी साल दोरीसारखी सोलून निघते. आत पांढरट लाकूड आणि अगदी मधोमध मऊ, हलका गाभा. लाकडात उभ्या नळ्या असतात; मुळांनी ओढलेलं पाणी त्यांतूनच पानांपर्यंत चढलेलं असतं. काडी वाळली, जळून कोळसा झाली, तरी या नळ्यांचा सांगाडा टिकतो. भिंगाखाली कोळशाचा तुकडा धरला तर झाडाचं शरीर ओळखता येतं. बॅटरीचा माणूस मात्र या नळ्यांत फारसा अडकत नाही. त्याचं लक्ष असतं त्यांच्या भिंतींच्या आत, नॅनोमीटरच्या मापाच्या पोकळ्यांवर.

मोबाइलमधली असो की रिक्षातली, बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन धनाग्राकडून निघून ऋणाग्रात येऊन राहतात. वापरताना परत फिरतात. ऋणाग्राचं काम जागा देण्याचं. हजारो वेळा पाहुणा येणार आणि जाणार, तरी घराच्या भिंतीला तडा जाता कामा नये. हे काम कार्बनइतकं स्वस्तात आणि निगुतीनं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५च्या सुमारास पेट्रोलियम कोकचं ऋणाग्र वापरून सुरक्षित बॅटरी बनवली, सोनी कंपनीने १९९१ साली तशी बॅटरी बाजारात आणली आणि २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल योशिनो, जॉन गुडइनफ आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना मिळालं. पुढे कोकची जागा ग्रॅफाइटने घेतली. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकावर एक नीट रचलेले असतात, दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर. त्या फटीत लिथियम जाऊन बसतं, सहा कार्बन अणूंमागे एक. त्यावरून एका ग्रॅमची कमाल क्षमता निघते ३७२ मिलिअँपिअर-तास. मोबाइलच्या खोक्यावर जे ‘एमएएच’ छापलेलं असतं, तेच हे माप.

अडचण दोन्हीकडून आहे. लिथियम मोजक्या देशांत सापडतं. बॅटरीच्या दर्जाचं ग्रॅफाइट तयार करण्याचा धंदा तर जवळजवळ पूर्ण चीनच्या हातात आहे. डिसेंबर २०२३पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा जगभरच्या कारखानदारांना याची जाणीव झाली. कृत्रिम ग्रॅफाइट करायचं तर भट्टी ३,००० अंश सेल्सिअसच्या जवळ न्यावी लागते. म्हणून लिथियमच्या शेजारच्या घरातला धातू पुढे आला, सोडियम. मिठातलं सोडियम. समुद्र त्याने भरलेला आहे, जमिनीतही ते विपुल आहे आणि त्यासाठी कुणाच्या खाणीकडे तोंड करून बसावं लागत नाही. शिवाय सोडियमच्या बॅटरीत ऋणाग्राच्या मागे तांब्याच्या पत्र्याऐवजी स्वस्त अॅल्युमिनियमचा पत्रा चालतो.

पण सोडियम ग्रॅफाइटमध्ये शिरायला तयार नाही. याचं कारण बऱ्याच ठिकाणी असं सांगितलेलं आढळतं की सोडियमचा आयन आकाराने मोठा, म्हणून फटीत मावत नाही. हे पटण्यासारखं वाटतं, पण खरं नाही. पोटॅशियमचा आयन सोडियमहून मोठा, तरी तो ग्रॅफाइटमध्ये व्यवस्थित जाऊन बसतो. खरी गोष्ट ऊर्जेच्या जमाखर्चाची आहे: सोडियम आणि ग्रॅफाइट यांचं जे संयुग व्हायला हवं, ते टिकाऊच नाही. सोडियमला राहायला वेगळ्या घडणीचा कार्बन लागतो. त्याला हार्ड कार्बन म्हणतात. पऱ्हाटी या गोष्टीत येते ती इथे.

हार्ड कार्बनची ओळख जगाला ज्या बाईंनी करून दिली, त्यांचं नाव आपण डीएनएच्या संदर्भात ऐकलेलं असतं. रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या क्ष-किरण चित्रांकडे वळण्याआधी त्यांची सारी उमेदीची वर्षं कोळशात गेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या कोळसा संशोधन संस्थेत त्या दगडी कोळशातली सूक्ष्म छिद्रं मोजत होत्या. हेलियमसारखा वायू कोळशाच्या ज्या फटीत जातो तिथे मोठे रेणू जाऊ शकत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. त्याच कामावर त्यांना १९४५ साली डॉक्टरेट मिळाली. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी निरनिराळ्या पदार्थांचे कोळसे करून ते तापवत नेले आणि १९५१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कोळशाच्या दोन जाती आहेत, असं त्यात त्यांनी मांडलं. एका जातीचा कोळसा खूप तापवला की त्याचे थर सरळ होत जातात आणि शेवटी ग्रॅफाइट बनतं. दुसरी जात हट्टी. तिला ३,००० अंशांपर्यंत नेलं तरी थर वेडेवाकडेच राहतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या मिटत नाहीत. साखरेचा कोळसा या दुसऱ्या जातीचा. लाकडाचा आणि कापसाचाही तसाच, कारण त्यांच्या रेणूंत ऑक्सिजन भरपूर असतो. कोळसा होताना थरांमध्ये आडवे बंध पडतात आणि ते थरांना सरळ होऊ देत नाहीत.

फ्रँकलिन १९५८ साली वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेल्या. त्यांनी वेगळी काढलेली ती हट्टी जात पन्नास वर्षांनी सोडियमच्या बॅटरीच्या कामाला आली, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात असं उशिरा उगवलेलं बी पुष्कळ आहे, पण मला हे उदाहरण विशेष जवळचं वाटतं. डीएनएच्या श्रेयाबद्दल त्यांच्यावर झालेला अन्याय सर्वांना ठाऊक असतो आणि त्यापुढे त्यांचं कोळशावरचं हे निखळ, बिनवादाचं काम झाकलं जातं.

कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात डी. ए. स्टीव्हन्स आणि जेफ डान यांनी २००० साली ग्लुकोजचा कोळसा केला आणि त्यात सोडियम भरून पाहिलं. ग्रॅममागे ३०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमता निघाली. ग्रॅफाइटमध्ये लिथियम जेवढं बसतं, त्याच्या जवळ जाणारा हा आकडा. या कार्बनच्या रचनेला डान यांनी पत्त्यांच्या बंगल्याचं नाव दिलं: थर एकमेकांवर तिरपे टेकलेले, मधे खोल्या. चार्जिंगचा आलेख काढला की दोन भाग स्पष्ट दिसतात. आधी सोडियम उतरत्या व्होल्टेजने थरांच्या फटींत आणि दोषांच्या जागी जातं. मग ०.१ व्होल्टच्या खाली एक लांब सपाट रेघ येते. त्या टप्प्यात आतल्या पोकळ्या भरतात, असं बहुतेकांचं मत आहे. केंब्रिजमध्ये क्लेअर ग्रे यांच्या गटाने २०१६ साली चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने या पोकळ्यांत डोकावून पाहिलं, तेव्हा तिथे सोडियमचे अणू एकत्र येऊन जवळजवळ धातूसारखे वागणारे इवले पुंजके बनवतात असं दिसलं.

मग जितकी छिद्रं जास्त तितकं चांगलं, असं कुणालाही वाटेल. ‘सच्छिद्र कार्बन’ या नावाखाली येणाऱ्या शेकडो संशोधनांत हाच गैरसमज डोकावतो. प्रत्यक्षात छिद्रं दोन प्रकारची असतात. काही बाहेर उघडणारी, काही चहूबाजूंनी बंद. कपिलधारचा धबधबा ज्या काळ्या पाषाणावरून कोसळतो, त्या दख्खनच्या खडकातही हेच आहे. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे थिजून त्यात पोकळ्या राहिल्या. ज्या एकमेकींना आणि भेगांना जोडल्या गेल्या त्यांतून विहिरीला पाणी मिळतं, एकट्या पडलेल्या पोकळीत पाणी पोहोचतच नाही. विहीर खोदणाऱ्याला जोडलेली पोकळी हवी असते. सोडियमची बॅटरी करणाऱ्याला नेमकी एकटी पडलेली हवी असते.

कारण असं आहे. बॅटरीतला द्रव उघड्या छिद्रात शिरला की कार्बनच्या पृष्ठभागावर त्याचं विघटन होतं आणि एक पातळ पापुद्रा तयार होतो. थोडा पापुद्रा आवश्यक असतो. पण उघडी जागा जेवढी जास्त, तेवढा पापुद्रा जास्त, आणि त्यात अडकलेलं सोडियम पुन्हा कामाला येत नाही. पहिल्याच चार्जिंगला भांडवलाचा मोठा हिस्सा बुडतो. सोडियमचा आयन मात्र कार्बनच्या भिंतीतून वाट काढत बंद पोकळीपर्यंत जातो आणि द्रव बाहेरच राहतो. म्हणून चांगल्या हार्ड कार्बनचं बाह्य क्षेत्रफळ ग्रॅममागे काही चौरस मीटरच असावं लागतं, आणि आतली बंद पोकळी भरपूर. भट्टी १,००० अंशांवर थांबवली तर बरीच छिद्रं उघडी राहतात. १,३००–१,४०० अंशांपर्यंत नेली की त्यांची तोंडं मिटत जातात.

उघड्या छिद्रांनाही त्यांचं काम आहे आणि ते काम आपल्या पुण्यातच उत्तम दाखवलं गेलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ साली कडुलिंबाची गळून पडलेली, वाळलेली पानं दळली आणि एकाच टप्प्यात भट्टीत तापवली. नेहमीच्या पद्धतीत असा कोळसा सच्छिद्र करायला पोटॅशसारखी रसायनं घालून पुन्हा तापवावं लागतं. इथे वेगळं काहीच घातलं नव्हतं, तरी ग्रॅममागे सुमारे १,२३० चौरस मीटर पृष्ठभाग असलेला कार्बन मिळाला. त्यांचं म्हणणं असं, की पानातले मऊ सेंद्रिय घटक आणि धातूंचे क्षार यांनीच आतून छिद्रं पाडण्याचं काम केलं. हा कार्बन त्यांनी सुपरकपॅसिटरमध्ये वापरला आणि पाण्यातल्या गंधकाम्लात त्याने ग्रॅममागे ४०० फॅरड इतकी क्षमता दाखवली. सुपरकपॅसिटरमध्ये आयन आत मुक्कामाला जात नाहीत, पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि क्षणात सुटतात. तिथे उघडी छिद्रं हवीत, जेवढी मिळतील तेवढी. त्याच अभ्यासात त्यांनी अशोकाची पानंही तापवून पाहिली, आणि झाड बदललं की कार्बनही बदलतो हे नोंदवलं.

पऱ्हाटीच्या दृष्टीने पुण्याच्या या प्रयोगशाळेतलं हे सगळ्यांत मोलाचं वाक्य आहे. ‘शेतातला कचरा’ म्हणून सरसकट एक पदार्थ नसतो. कडुलिंबाच्या पानातले जे क्षार सुपरकपॅसिटरला वरदान ठरले, तेच सोडियमच्या बॅटरीत शत्रू होतात. पोटॅशियम आणि कॅल्शियम छिद्रं उघडी करतात, वाळूचा अंश नुसता वजन वाढवतो, लोह थरांची ठेवण बिघडवतं. या सगळ्यांना मिळून आपण राख म्हणतो. कपिलधारला येणारा भाविक कपाळी भस्म लावतो. कार्बन सगळा जळून गेल्यावर जे जळू शकत नाही ते म्हणजे राख. बॅटरीसाठी पऱ्हाटी घ्यायची तर याच न जळणाऱ्या भागाला कार्बनमधून आधी बाहेर काढावं लागतं.

कापसाबद्दल एक थेट पुरावा आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०१६ साली कापसाचा बोळाच १,३०० अंशांवर तापवला. तंतू आतून पोकळ असतो, तसाच पोकळ नळीसारखा हार्ड कार्बन मिळाला. ग्रॅममागे ३१५ मिलिअँपिअर-तास क्षमता आणि पहिल्या फेरीत ८३ टक्के परतावा. म्हणजे शंभर आयन गेले तर त्र्याऐंशी परत आले. कापूस मात्र जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे आणि क्विंटलला हजारोंनी विकला जातो. त्याचा कोळसा करायला कुणी शहाणा शेतकरी देणार नाही. पऱ्हाटीत सेल्युलोजबरोबर लिग्निन आहे, साल आहे, राख आहे. काम अवघड आहे, पण वस्तू फुकटात पडलेली आहे.

प्रयोगशाळेत हे कसं होतं ते जरा जवळून पाहू. पऱ्हाटी धुऊन, वाळवून, दळून पीठ करतात. ते ४००–५०० अंशांवर नायट्रोजनमध्ये भाजलं की बाष्प, धूर, डांबर निघून जातं आणि काळा चुरा राहतो. हा चुरा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळत ठेवायचा. आम्ल पिवळसर होतं; त्यात राखेतले क्षार उतरलेले असतात. मग शुद्ध पाण्याने धूत राहायचं, आम्लाचा अंश जाईपर्यंत. पुन्हा वाळवून चुरा अॅल्युमिनाच्या होडीसारख्या भांड्यात भरायचा, भांडं लांब नळीच्या भट्टीत सरकवायचं, आर्गॉनचा प्रवाह सोडायचा आणि मिनिटाला दोन-पाच अंश असा तापमानाचा काटा चढवत १,३०० अंशांपर्यंत न्यायचा. घाई केली तर वायू भसकन निघतात आणि नको तिथे छिद्रं पाडतात. थंड झाल्यावर हाती येते ती काळी, किंचित चमकणारी, बोटाला कुरकुरीत लागणारी पूड. ती चिकटद्रव्यात कालवून अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पातळ सारवतात, वाळवतात, त्यातून गोल टिकल्या कापतात. पुढचं काम हवाबंद काचपेटीत, रबरी हातमोजे घालून, कारण आत सोडियमचा धातू असतो आणि त्याला हवेतली ओल सहन होत नाही. टिकली, पडदा, द्रव, सोडियमची चकती, वर झाकण. वीस मिलिमीटर व्यासाची, घड्याळातल्या सेलसारखी छोटी बॅटरी तयार होते आणि मग ती दिवसेंदिवस चार्ज-डिस्चार्ज होत यंत्रावर बसून राहते.

एक ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला. सोडियमच्या बॅटरीचं सरासरी व्होल्टेज ३ आणि हार्ड कार्बनची क्षमता ग्रॅममागे ३०० मिलिअँपिअर-तास धरली, तर एक युनिट वीज साठवायला १.१ किलोच्या आसपास हार्ड कार्बन लागतो. पाच अश्वशक्तीचा पंप चार तास चालवायला १५ युनिटं. म्हणजे साधारण सतरा किलो कार्बन. वाळक्या पऱ्हाटीच्या वजनाच्या वीस टक्के कार्बन हाती लागला तर त्यासाठी एक क्विंटल पऱ्हाटी पुरते. एकरभर कापसातून टनाच्या घरात पऱ्हाटी निघते. हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी: किलोमागे १२० वॉट-तास धरले तर अशा पूर्ण बॅटरीचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं. त्यात आपला कार्बन सतरा किलो. बाकी धनाग्र, द्रव, पत्रे, पेटी. पऱ्हाटीवर बॅटरी होत नाही, बॅटरीतला एक भाग होतो. आणि पंप हे नुसतं समजायला घेतलेलं माप. दिवसा ऊन असताना पंप सौर विजेवर थेट चालतो, त्याला बॅटरी लागत नाही. साठवणीची खरी गरज आहे ती गावोगावच्या सौर वाहिन्यांच्या उपकेंद्रांत, संध्याकाळी सहानंतर. तिथे बॅटरी जड असली तरी बिघडत नाही. स्वस्त आणि दीर्घायुषी असावी लागते. सोडियमला सगळ्यांत शोभणारं काम हेच.

महाराष्ट्रात या वाटेवरचं पुढचं पाऊलही पुण्यातच पडलं. डिसेंबर २०२३मध्ये केपीआयटी टेक्नॉलॉजीज या पुण्याच्या कंपनीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. हे काम आयसर, पुणे या संस्थेच्या सहकार्याने जवळपास दशकभर चाललेलं होतं. ओगले तोवर आयसरमध्ये आले होते आणि या कामामागेही तेच होते. किलोमागे १०० ते १७० वॉट-तास आणि ३,००० ते ६,००० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता, असे आकडे कंपनीने दिले. पुढच्या वर्षी हे तंत्रज्ञान उत्पादनासाठी दुसऱ्या कंपनीला देण्याचा करार झाला. त्याआधी रिलायन्सने ब्रिटनमधली फॅराडियन ही सोडियम बॅटरीची कंपनी विकत घेतली होती. चीन बराच पुढे आहे. तिथे २०२४ साली हुबेई प्रांतात १०० मेगावॅट-तासांचं सोडियम बॅटरीचं साठवण केंद्र सुरू झालं.

या बातम्यांनी हुरळून जाऊ नये. लिथियमचे भाव २०२२च्या अखेरीस शिखराला होते तेव्हा सोडियमकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. पुढच्या दोन वर्षांत लिथियम कार्बोनेटचा भाव ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरला आणि सोडियमच्या स्वस्ताईची धार कमी झाली. अमेरिकेतली नेट्रॉन एनर्जी ही सोडियम बॅटरीची कंपनी २०२५मध्ये बंद पडली. हार्ड कार्बनलाही मर्यादा आहेत. सपाट रेघेचं व्होल्टेज सोडियम धातूच्या इतकं जवळ असतं, की घाईने चार्ज केलं तर सोडियम आत जाण्याऐवजी बाहेरच साचू शकतं. सोडियमची बॅटरी लिथियमपेक्षा स्वस्त पडायची तर हार्ड कार्बन स्वस्त व्हायला हवा. आणि आजचा चांगला हार्ड कार्बन स्वस्त नाही. म्हणूनच शेतातल्या मालाला इथे संधी आहे, आणि म्हणूनच ती संधी आपोआप चालून येणार नाही.

पऱ्हाटी गोळा करणं हे पहिलं दुखणं. ती हलकी, फाटेफुटे आलेली, ट्रॉलीभर लादली तरी वजन भरत नाही. शेताच्या कडेलाच तिचे तुकडे करणारं यंत्र लागतं. मुंबईत माटुंग्याला १९२४पासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कांडी कोळसा, पेलेट असे प्रयोग केले, त्यातही गोळा करण्याचा खर्च हाच कळीचा मुद्दा राहिला. शेतकऱ्याला मात्र पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढायला आणखी एक कारण आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस उद्ध्वस्त केला. तेव्हापासून कृषी विभाग सांगतो आहे, फरदड (मुख्य वेचण्यांनंतरही राखलेलं कापसाचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, कारण अळी तिथेच मुक्काम करते. पऱ्हाटीला चार पैसे मिळाले तर फरदडीचा मोह सुटेल आणि बोंडअळीचा एक आसरा जाईल. बॅटरीचा विषय बाजूला ठेवला तरी एवढा फायदा पदरात पडण्याजोगा आहे.

पहिली भट्टी गावातच लागायला हरकत नाही. कोळसा पाडण्याचं कसब महाराष्ट्रात जुनं आहे. रायगडमधली कातकरी कुटुंबं आजही कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात आणि मातीने लिंपलेल्या ढिगाच्या धुराच्या रंगावरून आत काय चाललंय ते सांगू शकतात. चारशे-पाचशे अंशांचा पहिला टप्पा हे त्याच विद्येचं काम आहे. पऱ्हाटीचा तिथेच कोळसा झाला तर वाहतुकीचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास येतं. १,३०० अंशांची भट्टी, आर्गॉन, मापन हे कारखान्याचं काम, ते गावात होणार नाही. मधला टप्पा मात्र मला सगळ्यांत जास्त छळतो. धुण्याचा.

राख काढायची तर आम्ल आणि पाणी लागतं, आणि बीडमध्ये पाण्याचा प्रश्न काय असतो ते परळीने दाखवून दिलं आहे. दुष्काळात केंद्राला पाणी देणारा खडक्याचा बंधारा आटला, म्हणून २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली परळीचं औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावं लागलं. जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा कार्बन जाळणारा कारखाना पाण्यावाचून थंड पडला होता. अशा जिल्ह्यात कोळसा धुण्याचा कारखाना काढायचा आणि आम्लाचं पाणी नाल्यात सोडायचं, हे मुळीच चालणार नाही. पर्याय शोधायला हवेत. गहू-भाताच्या काडाबाबत हे सिद्ध झालेलं आहे की शेतात पावसात भिजलेल्या काडातलं पोटॅशियम आणि क्लोरीन बऱ्याच प्रमाणात वाहून जातं. एका पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या पऱ्हाटीची राख किती उतरते, आणि तेवढ्यात लाकूड किती कुजतं, हे मोजून पाहण्यासारखं आहे. साल आणि पानं यांत राख जास्त असते, लाकडात कमी. साल वेगळी काढली तरी धुण्याचा निम्मा भार हलका होण्याची शक्यता आहे, आणि पऱ्हाटीची साल तर दोरीसारखी सुटते.

राख मोजायला पुण्याला जावं लागत नाही. एक ग्रॅम वाळकी पूड चिनी मातीच्या मुशीत घ्यायची, साडेपाचशे-पावणेसहाशे अंशांच्या भट्टीत काही तास हवेत जाळायची, उरलेलं तोलायचं. भट्टी, मूस आणि नाजूक तराजू. रसायनशास्त्राच्या चांगल्या प्रयोगशाळेत या तिन्ही वस्तू असतात, आणि बीड, अंबाजोगाई, परळी या तिन्ही गावांत महाविद्यालयं आहेत. बालाघाटाच्या माथ्यावरची पऱ्हाटी, गोदाकाठच्या काळ्या रानातली पऱ्हाटी, कोरडवाहू आणि पाण्याखालची, पावसात भिजलेली आणि न भिजलेली, सालीसकट आणि सालीविना, असा एक तक्ता दोन हंगामांत तयार होऊ शकतो. खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा तर ओलाव्याचं यंत्र आठच्या पुढे गेलं की भाव कापला जातो आणि बारा ओलांडले की गाडी परत जाते, हे इथल्या प्रत्येक कापूसवाल्याला तोंडपाठ आहे. उद्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक आलं तर तो असाच राखेचा टक्का विचारेल. त्या दिवशी हा आकडा गिऱ्हाइकाच्या यंत्रावरून आपल्याला कळता कामा नये. आपल्या कोणत्या शिवारातल्या पऱ्हाटीत किती राख आहे, हे त्याच्या आधी आपल्या वहीत लिहिलेलं असायला हवं.